निळं पाणी आणि मृगाची पेरणी

वाचकांचे प्रवासाविषयीचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या बाई आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. 28 वर्षं भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या आहेत.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मोर्शी तालुक्यात आमचं आठ एकर वावर आहे. तीन एकर संत्रा, त्यात मृग बहार घेतो. बाकी कपाशी आणि तूर. येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला 25 वर्षं होतात. एवढ्या वर्षांत बायकोला शेगाव-पंढरपूरच्या पुढे कुठं नेणं झालं नाही. दहाएक वर्षांपूर्वी तिनं टीव्हीवर फिजी बेटांचं निळं पाणी पाहिलं होतं, ते तिच्या मनातून गेलं नाही. मुलगा पुण्याला नोकरीत आहे, अर्धा खर्च देतो म्हणतो. कापूस निघालेला असतो म्हणून फेब्रुवारीतच जावं असा विचार आहे. माय 71 वर्षांची आहे. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना ती चुकवत नाही, पक्की शाकाहारी आहे, गुडघे दुखतात. तिला मागं ठेवून जाणं जिवावर येतं आणि नेलं तर तिचे हाल होतील असं गावातले लोक म्हणतात. तिघांपैकी कोणाचाच पासपोर्ट नाही. कशी तयारी करावी?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी ते ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्ही दोघं 2018 च्या मे महिन्यात फिजीला जाऊन आलो आहोत, आणि दोघांच्याही तोंडून एकच उत्तर निघालं. फेब्रुवारीत जाऊ नका, मे महिन्यात जा. आणि मायला घेऊन जा.

आधी महिन्याचं सांगते, कारण बाकी सगळं त्यावर बसवायचं आहे. फिजी विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल, आणि चक्रीवादळांचे महिनेही तेच. 20 फेब्रुवारी 2016 ला विन्स्टन नावाचं वादळ फिजीवर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी 280 किलोमीटरच्या घरात होता. 44 माणसं गेली, गावंच्या गावं आडवी झाली. आम्ही गेलो तेव्हा दोन वर्षं उलटली होती, तरी एका गावात शाळेचा वर्ग तंबूत भरलेला पाहिला. शिक्षिकाच मी, तिथून लवकर पाय निघेना. दर फेब्रुवारीत असं होतं असं नाही, बहुतेक वर्षी नुसता पाऊस असतो. पण पावसातही नद्यांचा गाळ समुद्रात येतो, किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ होतं, आणि ज्या निळ्या पाण्यासाठी वहिनी दहा वर्षं थांबल्या तेच नेमकं दिसत नाही.

मे ते ऑक्टोबर हा तिकडचा कोरडा आणि जरा थंड काळ. त्यातला मे तुमच्यासाठी बरोबर बसतो. जून-जुलैच्या सुमारास ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शाळांना सुट्या लागतात, तिकडची कुटुंबं फिजीत उतरतात आणि खोल्यांचे भाव चढतात. ऑगस्ट-सप्टेंबरात तुमचं निंदण, डवरणी, फवारणी. मे महिन्यात मात्र मृग बहाराची बाग ताणावर असते, पाणी तोडलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ गेलेलं, पैसा हातात आलेला. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघालात तर 25 तारखेला रोहिणी लागायच्या आत घरी असाल, आणि मृगाच्या आधी वखराची शेवटची पाळी, बियाणं-खताची धावपळ, दोन्हीला वेळ मिळेल. अंबिया बहार घेत असता तर मी हा महिना सांगितला नसता. तेव्हा अंबियाची फळं झाडावर असतात आणि आठ दिवस ओलीत चुकलं तर गळ सुरू होते. आपल्याकडे 45 अंशांत घराबाहेर पाय टाकवत नाही तेव्हा तिथं दिवसा 29-30 असतं, रात्री अंगावर चादर लागते. फेब्रुवारीत लग्नाचा वाढदिवस घरी पुरणपोळी करून साजरा करा, आणि मुलाच्या वाट्याच्या पैशातून काढलेली तिकिटं त्या दिवशी वहिनींच्या हातात द्या.

आता बेट कोणतं. फिजी म्हणजे 330 हून जास्त बेटं, पण तुम्ही सगळ्यात मोठं, व्हिटी लेवू, हेच मुक्कामाचं ठेवा. विमानतळ त्याच बेटावर नांदी या गावी आहे. (नकाशात ते ‘नादी’ असं दिसेल. फिजीच्या भाषेत ‘द’ लिहिला की ‘न्द’ म्हणायचा.) या बेटाच्या मधोमध डोंगर आहेत आणि वारे येतात आग्नेयेकडून. म्हणून पूर्वेकडच्या बाजूला, जिथं राजधानी सुवा आहे, तिथं कोकणासारखा पाऊस, आणि पश्चिमेकडे नांदी-लाउटोकाच्या बाजूला आपल्यासारखं उघडं आभाळ. ऊसही याच कोरड्या बाजूला पिकतो. त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण किनारा सोडून सुवाकडे जाण्याचा आग्रह तुमच्या दहा-अकरा दिवसांत धरू नका. चार तासांचा रस्ता आहे, आणि वर पाऊस.

मायचं म्हणाल, तर तिच्यासाठी एकच खरी अडचण आहे आणि ती गुडघ्यांची. फोटोत दिसतात ती छोटी बेटं, यासावा आणि मामानुदा, त्यांना नांदीजवळच्या देनाराऊ धक्क्यावरून मोठी बोट जाते. पण बऱ्याच बेटांना धक्काच नाही. मोठी बोट समुद्रात थांबते, तिथून हलत्या लहान होडीत उतरायचं, आणि किनाऱ्याशी गुडघाभर पाण्यात पाय टाकून चालत जायचं. दुखऱ्या गुडघ्यांना हे झेपत नाही. म्हणून मुक्काम रस्त्यानं जाता येईल अशाच ठिकाणी ठेवा. नांदीहून दक्षिणेला सिंगातोकाकडे निघालं की तास-सव्वा तासात किनाऱ्यालगतची राहण्याची ठिकाणं लागतात, या पट्ट्याला कोरल कोस्ट म्हणतात. तळमजल्यावरची खोली मागा, आणि ती पत्रानं नाही, फोनवर बोलून नक्की करा. छोट्या बेटाची एक दिवसाची फेरी तुम्ही दोघांनी करा. लग्नाची 25 वर्षं आहेत, एक दिवस दोघांचाच असू द्या.

गावातले लोक हालाचं म्हणतात, त्यांना तिथली माणसं ठाऊक नाहीत. 14 मे 1879 ला लिओनिडास नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन फिजीला पोचलं. पाच वर्षांच्या करारावर, उसाच्या मळ्यात राबायला. ‘ॲग्रीमेंट’चं त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं आणि ते झाले गिरमिटिये. 1916 पर्यंत अशी 60 हजारांवर माणसं तिकडे गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, नंतर दक्षिणेकडचीही. बरीच परतली नाहीत. त्यांच्या नातवंडा-पंतवंडांची भाषा अवधी-भोजपुरीच्या वळणाची हिंदी आहे, आणि आपल्या विदर्भातल्या माणसाला ती पहिल्या दिवसापासून कळते. 2023 पासून तिथं मे महिन्यात गिरमिट दिवसाची सरकारी सुटी असते. तुमच्या तारखांत तो दिवस येईलच.

लाउटोकाजवळ आम्ही एका उसाच्या शेतकऱ्याच्या घरी दोन रात्री राहिलो. घरातल्या आजी मायच्याच वयाच्या. पत्र्याचं घर, समोर तुळस, मागं उसाला तुरे आलेले, आणि वावराच्या कडेनं साखर कारखान्याच्या छोट्या आगगाडीचे अरुंद रूळ, गाळप सुरू व्हायचं होतं म्हणून रिकामे. मंगळवारी संध्याकाळी घरात रामायण मंडळी जमली. सतरंजी घातली, ढोलक आलं, झांजा आल्या, आणि एकानं चौपाई म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची, असं दोन तास चाललं. आजींनी मला विचारलं, तुमच्याकडे म्हणतात का असं काही. मी आपल्या खंजिरी भजनाचं सांगितलं. खंजिरी त्यांनी पाहिली नव्हती. तेव्हा मी स्टीलचं ताट उलटं धरून ठेका वाजवून दाखवला, तर ढोलकवाल्यानं तोच ठेका लगेच उचलला. भाऊ, तुमच्या मायला राष्ट्रसंतांची हिंदी भजनं पाठ असणारच. एक खंजिरी बॅगेत टाका. चामड्याची नको, प्लास्टिकच्या पडद्याची घ्या, कारण पुढे सांगते त्या तपासणीत चामडं अडकेल. नांदीच्या मुख्य रस्त्याच्या टोकाला श्री शिव सुब्रमण्यम स्वामींचं रंगीत गोपुराचं मोठं देऊळ आहे, तिथंही मायला न्या.

तुम्ही स्वतः वावरातले, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. तिथली बहुतांश जमीन मूळ फिजीयन कुळांच्या सामाईक मालकीची आहे आणि ती विकता येत नाही. भारतीय वंशाचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या भाडेपट्ट्यावर ऊस लावत आले. 30-30 वर्षांचे हे पट्टे 1997 पासून संपायला लागले आणि कित्येकांना, घर बांधलेलं, झाडं मोठी केलेली, सगळं सोडून उठावं लागलं. आम्ही राहिलो त्या घरच्या माणसानं अंगणातल्या आंब्यावर हात ठेवून सांगितलं, झाड आजोबांचं, जमीन आमची नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर नाव आहे त्यानं हे ऐकून यावं असं मला वाटतं. त्याच वेळी हेही पाहा की ज्यांची जमीन आहे त्या फिजीयन गावांनी ती राखली म्हणूनच आज ती त्यांच्याकडे उरली आहे. दोन्ही घरांत बसा, दोन्हीकडचं ऐका.

फिजीयन गावात जायचं तर रिकाम्या हातानं जात नाहीत. बाजारात यांगोना नावाच्या झुडपाच्या मुळ्यांची जुडी मिळते, ती गावच्या प्रमुखापुढे ठेवायची, मग तो गावात फिरायची परवानगी देतो. त्या मुळ्यांची पूड पाण्यात कालवून लाकडी परातीत पेय करतात, त्याला कावा म्हणतात. दारू नाही ती, पण जीभ बधिर होते. नारळाच्या करवंटीतून देतात. घ्यायच्या आधी एकदा टाळी वाजवून ‘बुला’ म्हणायचं, पिऊन झालं की तीन टाळ्या. मायनं नको म्हटलं तरी कोणी वाईट मानणार नाही. गावात टोपी आणि काळा चष्मा काढायचा, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि कोणाच्या, लहान लेकराच्याही, डोक्यावर हात ठेवायचा नाही. आपल्याकडे मायेनं ठेवतो, म्हणून आधीच सांगून ठेवते.

जेवणाची काळजी नको. पोळी, वरण-भात, भाजी नांदी-लाउटोकात साध्या खाणावळीत मिळते. आपला धोपा, म्हणजे अळू, तिथं घरोघरी लावलेला, त्याची पानं नारळाच्या दुधात शिजवतात, आणि कंद उकडून खातात. आणि लोवो जरूर पाहा. जमिनीत खड्डा, त्यात तापवलेले दगड, त्यावर पानांत गुंडाळलेले कंद आणि मांस-मासे, वरून पानं आणि माती. मायचे कंद वेगळे लावून द्या म्हणायचं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजणाऱ्या माणसाला त्या खड्ड्यापुढे परकं वाटत नाही.

आता ते निळं पाणी. मी आयुष्यभर फळ्यावर खडूनं प्रवाळांचे प्रकार काढले, किनाऱ्याला चिकटलेले, किनाऱ्यापासून सुटून बांधासारखे, आणि कंकणासारखे. प्रत्यक्ष पाहिले साठाव्या वर्षी. पोहता येत नाही म्हणून बुडाला काच बसवलेल्या होडीत बसले. मायही त्यात बसू शकेल, होडी किनाऱ्यावर टेकवून चढवतात का एवढं विचारून घ्या. होडीवाल्यानं इंजिन बंद केलं. काचेखाली दोन हातांवर जांभळ्या फांद्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला फिकट निळा ठिपका. बोटाच्या पेराएवढे मासे थव्यानं त्या फांद्यांतून बाहेर येत, होडीची सावली सरकली की सगळे एकदम आत. एक हिरवा-गुलाबी पोपटमासा प्रवाळ खरवडत होता, आणि त्या खरवडण्याचा आवाज काचेतून वर येत होता, शेवाळलेल्या टाक्यावर विळा घासावा तसा. किनाऱ्यावरची पांढरी वाळू बरीचशी या माशांनीच प्रवाळ चावून, पोटातून बारीक करून टाकलेली असते. हे मी कित्येक वर्गांना शिकवलं होतं, पण आवाज मला कोणी सांगितला नव्हता. प्रवाळ दगड नाही, जिवंत प्राण्यांची वस्ती आहे. त्यावर पाय देऊ नका, आणि एक तुकडाही खिशात घालून आणू नका, आपल्या देशातही तो कायद्यानं संरक्षित आहे. विहिरीत सूर मारत मोठे झाला असलात तरी समुद्रात लाइफ जॅकेटशिवाय उतरू नका. प्रवाळाच्या बांधाला जिथं खिंड असते तिथं ओहोटीचं पाणी ओढून नेतं. कुठं उतरायचं हे तिथल्या माणसालाच विचारायचं.

कागदपत्रांकडे येते. हे काम दिवाळी झाली की लगेच सुरू करा, कारण वेळ इथंच जातो. मायचं नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरं असणार, आपल्याकडच्या बहुतेक बायकांचं असतंच. जन्मतारखेच्या जागी नुसतं सालही असू शकेल. आधी आधार दुरुस्त करा, मग त्याबरहुकूम बाकीचं, मग पासपोर्टचा अर्ज. 1 ऑक्टोबर 2023 च्या आधी जन्मलेल्यांना जन्माचा दाखलाच पाहिजे अशी सक्ती नाही, दुसरे ठरवून दिलेले कागद चालतात. माय शिकलेली नसली तरी पासपोर्ट मिळतो. आणि पासपोर्टवर जसं नाव येईल तसंच्या तसं तिकिटावर घ्या, नवऱ्याच्या नावासकट.

भारतीय पासपोर्टवर फिजीत फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर चार महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळते. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हवं. नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या दिवशी फिजी इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर मुलाला एकदा पाहायला सांगा. फसगत होते ती वाटेत. आमची झाली. एका एजंटनं आमची तिकिटं ऑस्ट्रेलियामार्गे काढली आणि तिथं नुसतं विमान बदलायलाही आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो हे सांगितलंच नाही. निघायला आठ दिवस उरले असताना मला कळलं. तिकिटं रद्द करून पुन्हा काढली, त्यात जे पैसे गेले त्यात आणखी एका माणसाचा तिथला खर्च निघाला असता. न्यूझीलंडमार्गे गेलात तरी तोच प्रश्न. म्हणून सिंगापूरमार्गे जा. तिथून नांदीला थेट विमान आहे, दहा तासांच्या आसपास लागतात. पण नागपूर किंवा मुंबईपासून नांदीपर्यंत एकाच तिकिटावर जा, म्हणजे बॅगा परस्पर पोचतात. सुटी सुटी तिकिटं घेतली तर सिंगापुरात बॅग घ्यायला बाहेर पडावं लागतं आणि मग तिथला व्हिसा आला. तिकीट काढतानाच तिघांसाठी शाकाहारी जेवण आणि मायसाठी विमानतळावर चाकाची खुर्ची मागून ठेवा, खुर्चीचे पैसे लागत नाहीत.

विमानभाडं आम्हाला माणशी लाखाच्या आसपास पडलं होतं, तुम्हाला जास्तच पडेल असं धरा. फिजीयन डॉलर चाळीस रुपयांच्या आतबाहेर असतो. एजंटकडून पूर्ण टूर घेतली तर वर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून आपण विवरणपत्र भरत नाही, पण ते भरलं तर हे पैसे परत मिळतात. पॅन नंबर बरोबर नोंदवलाय ना ते पाहा. मायच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि तिघांचा प्रवास विमा काढा, तिच्या वयाला तो टाळू नका. मलेरिया तिथं नाही, डेंग्यू आहे, डासांचं मलम लागेल.

आणि सामानात संत्री भरू नका. मला माहीत आहे, तुमचा हात आधी तिकडेच जाणार. फिजीत फळं, बियाणं, रोपं, दूध-तुपाचे पदार्थ यांवर फार कडक तपासणी आहे, आणि बेटावरच्या पिकांचा विचार केला तर ती बरोबरच आहे. मी संत्रा बर्फीचा डबा नेला होता, उतरताना फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ आहेत’ यावर खूण केली, अधिकारी बाईंनी डबा उघडून पाहिला, काढून घेतला आणि धन्यवाद म्हणाल्या. लपवला असता तर दंड होता. भेट द्यायची तर अचलपूरकडची घोंगडी नको, लोकर पण तपासतात. सुती दुपट्टे न्या.

प्रश्न : ताई, मी भंडारा जिल्ह्यातल्या एका गावची. डिसेंबरात माझं लग्न आहे. होणाऱ्या नवऱ्याला बोरा बोराच्या पाण्यावरच्या झोपड्यांत हनिमूनला जायचं आहे. दोघांची मिळून चार लाखांची बचत आहे. जमेल का?

उत्तर : पोरी, चार लाखांत बोरा बोरा जमत नाही, आणि कर्ज काढून जाऊ नका.

बोरा बोरा फ्रेंच पॉलिनेशियात येतं. तो फ्रान्सचा भाग असला तरी युरोपचा शेंगेन व्हिसा तिथं चालेलच असं नाही, फ्रेंच पॉलिनेशियासाठी असं स्पष्ट लिहिलेला व्हिसा लागतो. तिथं जायला आधी ताहिती बेटावर पापेएते इथं उतरायचं, मग दुसऱ्या छोट्या विमानानं बोरा बोरा. लॉस एंजेलिसमार्गे गेलात तर अमेरिकेचाही व्हिसा आला. पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या त्या झोपड्या तिकडेच 1960 च्या दशकात सुरू झाल्या आणि एका रात्रीचं भाडं ऐकलं तर तुझ्या बाबांना झोप येणार नाही. शिवाय डिसेंबर-जानेवारी हा तिकडचाही पावसाळा.

ते बेट सुंदर आहे यात शंका नाही. मधोमध जुन्या ज्वालामुखीचा 727 मीटर उंच ओतेमानू डोंगर, भोवती उथळ हिरवट निळं पाणी आणि त्याभोवती प्रवाळाचं कडं. डोंगर लाखो-कोट्यवधी वर्षांत खचत जातो, प्रवाळ वर वाढत राहतं, आणि शेवटी नुसतं कंकण उरतं. बोरा बोरा त्या वाटेवर अर्ध्यात आहे. पण हे कडं आणि हे पाणी फिजीच्या मामानुदा बेटांतही पाहायला मिळतं, व्हिसाची कटकट न करता. लग्न डिसेंबरात होऊ द्या. मे-जूनपर्यंत थांबून, सहा-सात दिवसांसाठी, छोट्या बेटावर साध्या झोपडीत राहिलात तर चार लाखांत नीट होईल. होणाऱ्या नवऱ्याला हे तूच सांग आणि आत्ताच सांग. पैशाचं पहिलं बोलणं लग्नाआधी झालेलं चांगलं असतं, हे मी माझ्या दोन्ही मुलींना सांगत आले.

प्रश्न : मॅडम, मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आश्रमशाळेत नववीत आहे. सामोआ नावाच्या देशातून एक दिवस गायब झाला होता असं आमचे सर म्हणाले. खरं आहे का? तिथं फिरायला गेलो तर आपलाही दिवस जाईल का?

उत्तर : बेटा, सरांचं खरं आहे. 2011 साली सामोआत गुरुवार, 29 डिसेंबर संपला आणि थेट शनिवार, 31 डिसेंबर उजाडला. शुक्रवार आलाच नाही. आंतरराष्ट्रीय वाररेषा ही समुद्रावर काढलेली खरी रेघ नसते, देशांनी आपापल्या सोयीनं मानलेली असते. सामोआचा व्यापार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी, पण सामोआत शुक्रवार असताना तिकडे शनिवारची सुटी लागलेली असायची, आणि इकडे रविवार असताना तिकडे सोमवारचं काम सुरू. आठवड्याचे दोन दिवस असे जात. म्हणून त्यांनी रेषेची बाजूच बदलली. शेजारचं अमेरिकन सामोआ मात्र जुन्याच बाजूला राहिलं. दोघांमध्ये छोट्या विमानानं अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास, आणि घड्याळात पूर्ण दिवसाचा फरक. आज सामोआत वाढदिवस साजरा करून तिकडे गेलास तर उद्या पुन्हा वाढदिवसच.

फिरायला गेलास तर दिवस जाईल किंवा परत मिळेल, कोणत्या बाजूनं रेषा ओलांडतोस त्यावर आहे. फिजी आपल्या साडेसहा तास पुढे आहे. आर्वीत दुपारचे बारा वाजले की नांदीत संध्याकाळचे साडेसहा. ताहिती मात्र रेषेच्या पलीकडे, आपल्या साडेपंधरा तास मागे. म्हणजे आपली दुपार ती त्यांच्याकडची आदल्या दिवसाची रात्र, साडेआठ. फिजीहून ताहितीला निघणारा माणूस सहसा निघाला त्याच्या आदल्या तारखेला पोचतो. तिथल्या खोलीचं बुकिंग करताना हे विसरणारे पुष्कळ असतात.

आता तुझ्या नकाशाच्या पुस्तकात पॅसिफिकचं पान काढ आणि 180 अंशांच्या रेखावृत्तावर बोट ठेवून खाली ये. फिजीपाशी पोचलास की ते एका बेटाच्या बरोबर मधून जातं. वाररेषा तिथं वळवून पूर्वेला नेली आहे, नाहीतर एकाच गावात दोन वार झाले असते. तिथं रस्त्याच्या कडेला एक पाटी लावली आहे, एक पाय पूर्व गोलार्धात आणि एक पश्चिम गोलार्धात ठेवून लोक उभे राहतात. त्या बेटाचं नाव तवेउनी. नकाशात नुसता ठिपका असेल, नाव छापलेलं नसेल तर पेन्सिलीनं लिहून ठेव.